समुद्र तापतोय, कोकणातले आपले सोयरे काय करतायत? (अनुभव सांगा)

कराडची_सून
काल बाजारात दापोलीकडची सुकटवाली मावशी भेटली. पावसाळ्याआधी येतेच, सासूबाईंच्या वेळेपासनं. यंदा टोपलीत जवळा निम्माच. म्हणाली, "वाळवायचा कुठं गो? आभाळाचा नेम नाही." २०२५ ला मान्सून २५ मेलाच कोकणात उतरला, तेव्हा तिची वाळूवर पसरलेली मासळी कुजून खतात गेली. आता तिच्या वाडीतल्या बायका बांबूचा मांडव घालून त्यावर जाळी ताणतात. खालनं वारा लागतो आणि सर आली की ताडपत्री ओढायची. मला आत्याच्या गुहागरच्या अंगणात वाळत घातलेले कोलंबीचे सोडे राखत बसायचे ते आठवलं. कावळे काय छळायचे! कुणाचं माहेर, आजोळ खाली असेल तर लिहा.

तासगावकर
आमच्याकडं तोच अवकाळी द्राक्षबागेत घुसतो, मग डाऊनी रोग, मग फवारण्या. मासळीतलं मला फक्त खायचं कळतं.

हर्णैची_लेक
मी सांगलीत दिलेली. भाऊ बोटीवर. आधी पहाटे गेले की दुपारपर्यंत बंदरात. आता वरचं पाणी तापलं की बांगडा खोल जातो, जाळं नुसतं वरनं फिरतं. म्हणून लांब जायचं, बर्फ जास्त, डिझेल जास्त. हैदराबादच्या इन्कॉइसकडनं मोबाईलवर येतं मासा कुठं असेल ते. उपग्रहावरनं पाण्याचं तापमान आणि हिरवटपणा बघून सांगतात. उपयोग होतो, पण तीच जागा सगळ्यांच्या मोबाईलवर! मोठ्या घेराच्या जाळ्याचे पर्ससीनवाले आधी पोचतात. छोट्या होडीवाल्यानं काय करायचं? कुकरची शिट्टी झाली, आले.

विट्याचा_दादा
इन्कॉइस म्हणजे हवामान खातंच ना?

हर्णैची_लेक
नाही हो दादा, ते समुद्राचं वेगळं. वादळाचं हवामान खातं सांगतं. फयान वादळाला, २००९ ला, कितीतरी बोटी बाहेर होत्या. आता बंदरात धोक्याचा बावटा लागला की बोटी खाडीत. पण क्यार आलं ते ऐन हंगामात, ऑक्टोबर २०१९. मग २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते. बोट वाचते हो, पण नांगरून ठेवलेल्या दिवसांचा खलाशांचा पगार कोण देणार? निसर्गात आमची नारळीची वाडी आडवी झाली ती वेगळीच.

पाटणवाला
आपल्या कोयनेचं पाणी वीज करून पोफळीकडं वाशिष्ठीत जातं, तिथनं दाभोळच्या खाडीत. म्हणजे आपण पण त्यांचे शेजारीच. मावसभावाचं खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली भातजमीन, तिथंच. उधाणानं बांध फुटला, खारं पाणी भातात. आता खारट जमिनीत तग धरणारं पनवेलचं बियाणं लावतो. भात येतं, पण बांध दरवर्षी गावानंच चिखल टाकून सांधायचा. जुलै २०२१ ला तर चिपळूण पाण्यात आणि इकडं आमच्या तालुक्यात दरडी. जाऊ दे, तो विषय नको.

कराडची_सून
🙏 मिरगावची दरड अजून डोळ्यापुढनं जात नाही.

मिरज_जंक्शन
तारली खरं तर केरळची, पण पाणी तापलं तशी उत्तरेकडं पसरली म्हणतात. तिकडं २०१२ नंतर काही वर्षं तिचा दुष्काळ पडला होता. माशालाही बदली मिळाली, भत्ता कोण देतंय बघू 😀 आणि मंडळी, पिटुकली पापलेटं घेऊ नका. २०२३ ला राज्यमासा केलाय त्याला, ५४ जातींना किमान आकारही ठरलाय.

तासगावकर
कुणी मोजतंय का पण बाजारात?

मिरज_जंक्शन
गिऱ्हाईक मोजतंय. पाकीट.

वेंगुर्ल्याचा_जावई
साताऱ्यात नोकरी, सासर मांडवी खाडीजवळ. तिथं बचत गटाच्या बायका पाहुण्यांना होडीतनं कांदळवन दाखवतात, स्वतः वल्हवतात. मेहुणी खाडीत पिंजऱ्यात खेकडे वाढवते. पैसे बरे, पण पिल्लं वेळेवर मिळत नाहीत. माझं मत विचाराल तर ट्रॉलरला अनुदान देण्यापेक्षा यांना पिल्लं द्या. सासरे मात्र चिडतात, "दर्या सोडून चिखलात काय?" तरी कालवणाला तेच खेकडे चालतात.

विट्याचा_दादा
कालवणावरनं आठवलं, बांगड्याला तिरफळं लागतात. इकडं कुठं मिळतात?

हर्णैची_लेक
दादा, भाऊ दिवाळीला येतोय, आणायला सांगते. ओली नको, वाळलेलीच. बिया काढून टाका.

विट्याचा_दादा
पाठवा ताई, बदल्यात गूळ देतो.