अनुभव धागा : कानाझावा कोणत्या ऋतूत पाहिले?

जपानला जाणारी आपली बरीच मंडळी तोक्यो, क्योतो आणि हिरोशिमा पाहून परततात. जपानी समुद्राच्या बाजूचे कानाझावा 14 मार्च 2015 रोजी शिनकानसेन या बुलेट ट्रेनने तोक्योशी जोडले गेले आणि वेगवान गाडीने तिथे साधारण अडीच तासांत पोहोचता येते, तरी ते यादीतून सुटते याची मला मनापासून खंत वाटते. आपण गेला असाल तर इथे अवश्य लिहावे आणि महिना नक्की सांगावा, कारण ऋतू बदलला की हे शहर ओळखू येत नाही.

सुरुवात मी करतो. मी 1 नोव्हेंबरला केन्रोकुएन बागेत होतो, ते केवळ युकित्सुरी पाहण्यासाठी. या भागात पडणारे बर्फ ओलसर आणि जड असल्यामुळे त्याच्या भाराने फांद्या मोडतात; त्या मोडू नयेत म्हणून हिवाळ्याआधी झाडे दोरांनी तोलून धरतात. पहिला मान कारासाकी पाइनचा. बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून बी आणवून पूर्वी इथे सत्ता असलेल्या माएदा घराण्याच्या तेराव्या सरदाराने वाढवलेले हे झाड आहे आणि त्याला पाच खांब व सुमारे 800 दोर लागतात. एक माळी खांबाच्या टोकाशी बसून पेंढ्याचा एकेक दोर खाली सोडत होता. खालचा माणूस तो फांदीला बांधण्याआधी बोटांनी ताण अजमावत होता आणि मनासारखा नसला तर गाठ सोडून पुन्हा मारत होता. मी तिथे दोन तास उभा होतो. बागेतले हे काम डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालते आणि मार्चच्या मध्यापासून दोर उतरवतात.

जून, नागोयाहून
आम्ही सासूबाईंना घेऊन ह्याकुमानगोकु उत्सवाला गेलो होतो. माएदा तोशिइए यांनी 1583 साली कानाझावाच्या किल्ल्यात प्रवेश केला, त्याची आठवण म्हणून शनिवारी ऐतिहासिक वेशातली मोठी मिरवणूक निघते. आम्हाला मात्र आदल्या संध्याकाळी आसानो नदीत सोडलेले दिवे अधिक भावले. कागा युझेन या रेशमावरच्या रंगकामात वापरलेली खळ पूर्वी याच नदीच्या वाहत्या पाण्यात धूत असत, आणि त्याच कलेची चित्रे या कागदी दिव्यांवर असतात. एक दिवा काठच्या दगडाला अडकून राहिला तेव्हा सासूबाईंना कार्तिकी पौर्णिमेला नदीत सोडलेले द्रोण आठवले आणि तो सुटून पुढे जाईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

जानेवारी, एकटीचा प्रवास
जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात तयार होतो. हिगाशी चाया या जुन्या लाकडी घरांच्या वस्तीजवळ मी एका छोट्या कार्यशाळेत डबीवर वर्ख लावायला शिकले. वर्ख इतका पातळ असतो की बोट लागले तर तो बोटालाच चिकटतो, म्हणून बांबूच्या चिमट्याने उचलून हलक्या फुंकरीने सपाट करावा लागतो. माझे पहिले दोन वर्ख फाटले. शिकवणाऱ्या बाईंनी ते तुकडे टाकले नाहीत, डबीच्या आतल्या बाजूला लावून दिले.

नोव्हेंबर, शाकाहारी कुटुंबासाठी
ओमिचो बाजार पाहावा, परंतु तिथे मासळीचेच राज्य आहे आणि नोव्हेंबरात खेकड्यांचा हंगाम सुरू झाला की गर्दी वाढते. भाजीच्या पदार्थातही माशाचे दाशी, म्हणजे रश्शासाठी काढलेला अर्क, असू शकते. एका उपाहारगृहात आम्हाला पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगितले आणि खाल्ल्यावर रस्सा माशाचा असल्याचे कळले. माझ्या वडिलांना फार वाईट वाटले. ‘दाशी नको’ हे जपानीत लिहून जवळ ठेवावे.

एप्रिल, ओसाकाहून
मार्च 2024 पासून ओसाका किंवा क्योतोहून येताना त्सुरुगाला गाडी बदलावी लागते, हे लक्षात असू द्यावे. साकुरा, म्हणजे चेरीची झाडे, फुलण्याच्या सुमारास काही दिवस केन्रोकुएन विनामूल्य खुले असते आणि रात्री दिवे लावतात. ‘डबा विसरलास तरी छत्री विसरू नकोस’ अशी इथली म्हण आहे. आम्ही छत्री हॉटेलवरच ठेवून निघालो आणि बागेतल्या कोतोजी दिव्यापाशी सरीने गाठले. त्या दगडी दिव्याचा एक पाय पाण्यात आणि दुसरा, आखूड, काठावर असतो. त्या रात्री तळ्यावर पाकळ्यांचा थर साचला होता आणि पावसाचा थेंब पडेल तिथे तो क्षणभर फाटून काळे पाणी दिसत होते.