मदत हवी आहे: पुनर्जन्म, राजवाडा आणि झपाटलेलं प्रेम, पण नायिका शेवटपर्यंत खंबीर राहील अशी चिनी कादंबरी सुचवा

नमस्कार मंडळी,

चिनी ऐतिहासिक वेब-कादंबऱ्या वाचणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारते. मी इंग्रजी अनुवादातून वाचते. 'द रिबर्थ ऑफ द मॅलिशिअस एम्प्रेस ऑफ मिलिटरी लिनिएज' संपवली आणि तेव्हापासून दुसरं काही हातात टिकतच नाहीये.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शेन म्याव ही सेनापतीची मुलगी. हट्टाने एका राजपुत्राशी लग्न करते, माहेरची सगळी ताकद त्याच्या पाठीशी लावते, त्याच्या राज्यासाठी परमुलखात ओलीस म्हणून राहते. परत येते तर राजवाड्यात दुसरीच लाडकी होऊन बसलेली. मग मुलगी जाते, मुलगा जातो, माहेर उद्ध्वस्त होतं आणि शेवटी तिलाच मरणाचा हुकूम. डोळे उघडते तेव्हा वय 14, वडिलांच्या घरात. म्हणजे आपल्याकडच्या कथांसारखा पुढचा जन्म नाही. तोच देह, तेच घर, घात करणारे तेच काका-काकू, फक्त आता पुढचं सगळं तिला ठाऊक.

मला त्यात सर्वांत आवडलं ते हे की ती 14 वर्षांच्या अंगात राणीसारखी वागते. कमी बोलते, घाई करत नाही. आणि नायक तिच्यावर जीव टाकतो, पण तिच्या हातातला डाव काढून घेत नाही.

यानंतर त्याच प्रकारातल्या बऱ्याच चाळल्या. सुरुवात सगळ्यांची छान असते. साधारण शंभराव्या प्रकरणाच्या आसपास घोळ होतो. नायिकेने घटना बदलल्यामुळे तिला आठवणारं भविष्य निरुपयोगी होत जातं. खरी गंमत इथून सुरू व्हायला हवी, कारण आता तिला स्वतःच्या बुद्धीवर चालायचं आहे. पण नेमकी इथेच लेखिका तिला राजपुत्राच्या ओंजळीत टाकून मोकळी होते. तो तिला कोंडून ठेवतो, तिच्याकडे बघणाऱ्याचे डोळे काढायची भाषा करतो, आणि दोन प्रकरणांनी ती म्हणते की याच्याइतकं प्रेम कुणी केलंच नाही! मागच्या जन्मी एका पुरुषापायी सगळं गमावलेली बाई असं कसं म्हणेल?

लांबण का लागते ते समजतं. जिनज्यांगसारख्या चिनी वेब-कादंबऱ्यांच्या साइटवर सुरुवातीची प्रकरणं फुकट असतात आणि पुढे हजार अक्षरांच्या हिशेबाने पैसे पडतात, लेखिकेला रोज लिहावं लागतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण मग कारस्थानं म्हणजे नुसत्या दासींच्या थोबाडीत मारणं आणि चहात विष, एवढंच उरतं.

राजवाड्यातलं राजकारण कसं हवं ते सांगते. 'एम्प्रेसेस इन द पॅलेस' ही मालिका (2011) बघितली असेल तर हुआ राणीचा धूप आठवा. सम्राट खास तिलाच तो सुगंधी धूप देतो, दुसऱ्या कुणाला नाही, आणि ती तो मिरवते. त्यात कस्तुरी असते, तिला मूल होऊ नये म्हणून. कारण तिचा भाऊ मोठा सेनापती आहे, आणि त्या घराण्याचा नातू गादीचा वारस झाला तर सम्राटाला ते परवडणार नाही. म्हणजे शयनगृहातला धूप हा थेट सैन्याशी जोडलेला आहे, आणि ती बिचारी त्याला प्रेमाची खूण समजते. हा प्रसंग बघून मला रात्री झोप लागली नव्हती. असं काही असलेली, आणि सोबत पुनर्जन्म असलेली कादंबरी हवी आहे.

झपाटलेलं प्रेम चालेल, नव्हे, हवंच आहे. पण त्याची किंमत त्या माणसाने मोजली पाहिजे. अनुवाद पूर्ण झालेला असावा. यांत्रिक अनुवाद नको, त्यात कोण कुणाची मावशी तेच कळत नाही.

प्रतिसाद १

पुनर्जन्म नाही, पण किंमत मोजणारं प्रेम हवं असेल तर 'गुडबाय माय प्रिन्सेस' वाचा. पश्चिमेकडच्या राज्याची राजकन्या, आणि खोट्या नावाने तिच्या आयुष्यात आलेला राजपुत्र, जो तिच्या आजोळच्या टोळीची कत्तल घडवून आणतो. ती विस्मृतीच्या नदीत उडी घेते, तोही तिच्यामागे. दोघंही सगळं विसरतात आणि राजवाड्यात नवरा-बायको म्हणून भांडत राहतात. तिला आठवू लागतं तिथून पुढे वाचवत नाही. क्षमा नाही, गोड शेवट नाही. 2019 ची मालिकाही आहे, पण आधी पुस्तक वाचा.

प्रतिसाद २

ताई, तुमच्या आवडत्या लेखिकेचीच दुसरी घ्या. 2024 ला 'द डबल' नावाची मालिका आली, तिची मूळ कादंबरी. नवरा राजधानीच्या परीक्षेत पहिला येतो, एका राजकन्येला तो हवासा वाटतो, आणि त्यापायी त्याच्या बायकोचा जीव जातो. कादंबरीत तिचा जीव दुसऱ्याच एका मुलीच्या देहात जागा होतो (मालिकेत ती मरत नाही, वाचते आणि त्या मुलीचं नाव घेते). इथे झपाटलेली आहे ती राजकन्या, नायक नाही. नायक सरदार, नाटकांचा शौकीन, आणि सुरुवातीला नायिकेकडेही नाटक बघावं तसाच बघतो.

तुम्हाला हवं ते राजकारण तिच्या वडिलांच्या प्रकरणात आहे. ते छोट्या तालुक्याचे प्रामाणिक अधिकारी, खोट्या आरोपात तुरुंगात. ती स्वतः तिथे जाते, घाबरून गप्प बसलेल्या गावकऱ्यांना बोलतं करते आणि त्यांना घेऊन राजधानीत दाद मागायला येते. त्यात आठवणीतल्या भविष्याचा आधार जवळजवळ नाहीच.

प्रतिसाद ३

थोडं वेगळं मत. कोंडून ठेवणारा नायक हाच या प्रकारातल्या पुष्कळ वाचकांना हवा असतो, आणि कथेत तो वाचायला आवडणं म्हणजे संसारात तो हवा असणं नव्हे. धागाकर्तीला नको असेल तर सोपा उपाय: नॉव्हेल अपडेट्स या अनुवादित कादंबऱ्यांची यादी देणाऱ्या साइटवर प्रत्येक कादंबरीचे टॅग असतात. 'पझेसिव्ह' सोबत 'स्ट्राँग टू स्ट्राँगर' किंवा 'स्मार्ट कपल' असा टॅग आहे का बघा, आणि वाचकांचे अभिप्राय शेवटच्या प्रकरणांनंतरचे वाचा, पहिल्या तीसचे नव्हे.

धागाकर्ती

मनापासून आभार. वडिलांच्या प्रकरणाचं वाचून 'द डबल'ची कादंबरी आजच सुरू करते. प्रतिसाद ३, पटलं, आवडण्याला माझी हरकत नाही. माझा आक्षेप नायिकेने दोन प्रकरणांत सगळं विसरण्यावर आहे. 'गुडबाय'मध्ये तर विसरणं नदीने करवलेलं आहे, त्यामुळे तीही यादीत टाकली.

एक उपप्रश्न: छिंग काळातल्या (चीनचं शेवटचं राजघराणं) राण्यांचे दर्जे (एक सम्राज्ञी, तिच्याखाली एक, मग दोन, चार, सहा अशी उतरंड) कुणी मराठीत मांडून ठेवले आहेत का? त्याच्या कितीतरी आधीच्या तांग घराण्याच्या काळातल्या कथांत ही व्यवस्था निराळी असते आणि माझा दर वेळी गोंधळ होतो.