तेहरानच्या दूतावास-प्रकरणाची मुळे १९५३ मध्ये आहेत का?

प्रश्न:
४ नोव्हेंबर १९७९ रोजी विद्यार्थी तेहरानच्या अमेरिकी दूतावासात घुसले आणि ५२ अमेरिकनांना ४४४ दिवस ओलीस राहावे लागले. इराणचा राजा, म्हणजे शहा, जानेवारीतच देश सोडून गेला होता आणि क्रांतीही झाली होती, तर मग एवढ्या उशिरा दूतावासावर राग का निघाला? १९५३ च्या सत्तापालटाला तर २६ वर्षे उलटली होती. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १:
संबंध थेट आहे. इराणचे पंतप्रधान मोसद्देग यांनी १९५१ मध्ये तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकी व ब्रिटिश गुप्तचरांनी त्यांना हटवण्याचा घाट घातला. पहिला प्रयत्न फसताच शहा बगदादमार्गे रोमला पळाला. मात्र १९ ऑगस्टला पैसे चारून जमवलेले जमाव आणि रणगाडे रस्त्यावर उतरले, मोसद्देग यांच्या घरावर तोफा डागल्या गेल्या आणि काही दिवसांतच शहा परतला. शहा पळतो आणि परकीय त्याला पुन्हा गादीवर बसवतात, हे इराणी जनतेने एकदा पाहिले होते. त्यामुळे २२ ऑक्टोबर १९७९ रोजी तो कर्करोगावरील उपचारांसाठी न्यूयॉर्कमध्ये दाखल झाला, तेव्हा आजाराचे कारण अनेकांना पटलेच नाही. धोक्याची सूचना खुद्द दूतावासाने वॉशिंग्टनला आधीच दिली होती, हे विशेष खेदजनक आहे.

प्रतिसाद २:
वरील विवेचन पटते, परंतु सगळा भार १९५३ वर टाकू नये. आयातुल्ला काशानींसारखे धर्मनेतेही तोवर मोसद्देग यांच्या विरोधात गेले होते. माझ्या मते १९६४ चा कायदा अधिक जिव्हारी लागला, कारण त्याने इराणमधील अमेरिकी लष्करी कर्मचाऱ्यांना स्थानिक न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. अमेरिकी स्वयंपाक्याने भर बाजारात तुमच्या धर्मगुरूचा खून केला तरी त्याला अडवता येणार नाही, अशा आशयाचे भाषण पुढे क्रांतीचे नेते ठरलेल्या आयातुल्ला खोमेनींनी केले आणि त्यांना हद्दपार व्हावे लागले.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. मग या पूर्वइतिहासामुळे ओलीस धरणे समर्थनीय ठरते का?

प्रतिसाद १:
मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २४ मे १९८० रोजी स्पष्ट केले, की अमेरिकेवरील आरोप खरे धरले तरी राजनैतिक अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढणे किंवा संबंध तोडणे, हे मार्ग इराणला खुले होते. प्रत्यक्षात संबंध तोडले ते अमेरिकेने, एप्रिल १९८० मध्ये. आणि दूतावास ताब्यात गेल्यावर दोनच दिवसांत मवाळ पंतप्रधान बाझरगान यांनी राजीनामा दिल्याने समेटाची वाट इराणमध्येही बंद झाली.