मदत हवी आहे : आईला चार महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीचा जंतुसंसर्ग

करवीरकन्या :
माझ्या आईला चार महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास सुरू झाला आहे. गोळ्या घेतल्या की दोन-तीन दिवसांत जळजळ थांबते आणि महिनाभरात पुन्हा तेच. काल रात्री ती सहा वेळा उठली आणि प्रत्येक वेळी जेमतेम चार थेंब लघवी झाली. मागच्या वेळच्या चार गोळ्या घरात शिल्लक आहेत. त्या आज सुरू केल्या तर चालतील का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निवृत्त परिचारिका :
आपण आईंचे वय लिहिलेले नाही, मधुमेह आहे की नाही तेही लिहिलेले नाही. थंडी वाजून ताप, उलट्या किंवा कंबरेच्या वर एका कुशीत दुखणे, यांपैकी काही आहे का? लघवीचे कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि त्यांच्यावर कोणते औषध चालते हे शोधणारी तपासणी, कधी केली होती का? आणि डॉक्टरांनी मोजून दिलेल्या गोळ्यांपैकी चार उरल्या कशा?

पेठेतला काका :
ताई, याला आपल्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात. धणे-जिरे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून द्यावे. आमच्या घरी तीन पिढ्या हाच उपाय चालत आला आहे आणि गोळीची गरज कधी पडलेली नाही.

राजारामपुरीकर :
काका, आपल्या अनुभवाचा आदर राखून लिहितो, पण या दोन गोष्टी एक नव्हेत. पाणी कमी पडल्यामुळे लघवी गडद होऊन जळजळत असेल, तर ती पाण्याने शमते. जंतुसंसर्गात आतड्यातले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, मूत्रमार्गातून वर चढून मूत्राशयात वाढतात. म्हणून मूत्राशय रिकामे असतानाही सारखी घाई होते, ओटीपोटात दुखते, लघवी गढूळ होते आणि कधी तिच्यातून रक्तही जाते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर लांबीचा असतो, पुरुषांचा सुमारे 20. त्यामुळे हा त्रास स्त्रियांना अधिक होतो.

पेठेतला काका :
धणे-जिऱ्याच्या पाण्याने अपाय तर काही होत नाही ना?

राजारामपुरीकर :
पाण्याने होत नाही. त्या भरवशावर चार दिवस घालवले आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला, तर होतो.

गडहिंग्लजकर :
माझ्या वडिलांना प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवी पूर्ण होत नसे आणि साठून राहिलेल्या लघवीत वारंवार जंतू होत. सोनोग्राफीनंतर कारण कळले. ती जरूर करून घ्यावी.

निवृत्त परिचारिका :
प्रोस्टेट ग्रंथी फक्त पुरुषांना असते, त्यामुळे तो प्रश्न येथे नाही, परंतु सोनोग्राफीचा मुद्दा योग्य आहे. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा मंदावतात आणि स्त्रियांमध्येही लघवी मागे उरू शकते.

करवीरकन्या :
वय 63, मधुमेह अकरा वर्षांपासून. ताप नाही, कुशीत दुखत नाही. कल्चर कधीच केलेले नाही. बरे वाटले की आई स्वतःच गोळ्या बंद करते, म्हणून त्या उरल्या. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली नव्हती, ती आता लिहिते. आई पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत मंडईत पालेभाजी विकायला बसते. तेथे जाण्याजोगे स्वच्छतागृह नाही, म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही आणि लघवी घरी येईपर्यंत अडवून धरते.

निवृत्त परिचारिका :
महत्त्वाची गोष्ट तीच होती. आता उरलेल्या गोळ्या देऊ नका, कारण गोळी पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू न सापडण्याची शक्यता असते आणि अर्धवट घेतलेल्या औषधाला न जुमानणारे जंतू मागे राहतात. आजच डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली घ्यावी, जागा साध्या पाण्याने धुवावी, सुरुवातीची धार सोडून मधली धार बाटलीत धरावी आणि झाकणाला आतून बोट लावू नये. नमुना दोन तासांच्या आत पोहोचवावा. अहवालाला एक-दोन दिवस लागतात. नमुना दिल्यानंतर डॉक्टर लगेच गोळी सुरू करू शकतात आणि कोणते औषध त्या जंतूवर चालते हे कळल्यावर ती बदलतात. साखरही तपासून घ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची नावे त्यांना दाखवा, कारण काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि त्यामुळे तेथे बुरशीचा संसर्ग होऊन तशीच जळजळ होऊ शकते. पाळी गेल्यानंतर तेथील त्वचा कोरडी पडते, त्यावर लावण्याचे मलम असते, तेही विचारावे. थंडी भरून ताप आला, उलटी झाली किंवा आई असंबद्ध बोलू लागल्या, तर रात्र असली तरी थेट सीपीआर हे कोल्हापूरचे सरकारी रुग्णालय किंवा जवळचे कोणतेही रुग्णालय गाठावे.

करवीरकन्या :
आज सकाळी नमुना दिला. बाटली हातात घेताना आईला फार संकोच वाटत होता, म्हणून मी दाराबाहेर उभी राहून एकेक पायरी सांगत गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि त्या संपेपर्यंत मोजून देण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. मंडईत शेजारी बसणाऱ्या मावशींशीही बोलले. त्यांना हाच त्रास दोनदा झाला होता, पण आजवर त्यांनी घरात कोणालाच सांगितले नव्हते. उद्यापासून दोघी एकमेकींची भाजी सांभाळून आळीपाळीने जवळच्या ओळखीच्या घरी जाऊन येणार आहेत. कल्चरचा अहवाल आला की येथेच लिहीन.