गावातली पहिल्या महायुद्धाची पाटी: साफ कशी करायची, नावं कुठून आणायची, नवा मजकूर काय असावा?

माणदेशी
चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. सातारा जिल्ह्यात बऱ्याच गावांत दिसते तीच ठरीव इंग्रजी भाषा: या गावातून इतके पुरुष 1914-1919 च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. वर्षानुवर्षं भिंतीबरोबर पाटीवरही चुन्याचे हात बसलेत, त्यामुळे दुसरा आकडा 3 की 8 हेही लागत नाही.

पाटी स्वच्छ करून शेजारी नावांची मराठी पाटी लावायची आणि 11 नोव्हेंबरला, म्हणजे ते युद्ध थांबलं त्या दिवशी, छोटा कार्यक्रम करायचा असा विचार आहे. पण मजकुरावर अडलंय. काही जण म्हणतात, "देशासाठी हुतात्मा झालेले वीर" असंच हवं. काही म्हणतात, ती लढाई इंग्रजांची, देश कुठून आला त्यात, पाटीच काढा. सीमेवर तणाव असला की ही चर्चा लगेच कोण देशभक्त आणि कोण देशद्रोही यावर जाते. जाणकारांनी तिन्ही गोष्टींवर लिहावं.

पाथरवट
पाटीपुरतं सांगतो. आधी हात न लावता फोटो. रात्री बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं उजेड टाका आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. कोरलेल्या खाचेत सावली पडते. 3 ची डावी बाजू उघडी असते, 8 च्या दोन्ही कड्या बंद. कुठल्या तरी एका फोटोत ते दिसतंच. अक्षरांत खडू किंवा पीठ चोळू नका.

चुना काढायला अ‍ॅसिड, संडास धुवायचं लिक्विड, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही नको. वाळलेला चुना आणि संगमरवर रासायनिकदृष्ट्या एकच, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. जे चुना खाईल ते दगडही खाईल, आणि आधी अक्षरांच्या कडा जातील. कापूस किंवा कागदाचा लगदा साध्या पाण्यात भिजवून पाटीवर थापा, वर प्लास्टिक लावून रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेला थर बांबूच्या कामटीनं हलकेच उचला. एका दिवसात निघणार नाही, चार-पाच वेळा करावं लागेल. मग बादलीभर पाण्यात चमचाभर सौम्य साबण घालून मऊ नायलॉनच्या ब्रशनं खालून वर धुवा. वरून खाली धुतलं तर मळाचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात. तारेचा ब्रश आणि प्रेशर पंप नकोच.

अक्षरांत ऑइलपेंट भरायचा मोह होतो. त्यानं ओल आत अडकते आणि कडा पापुद्र्यांनी सुटतात. सांध्यात सिमेंट भरू नका. त्यातले क्षार दगडात उतरतात. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू पुरे. नवी पाटी जुनीवर चिकटवायची नाही, हातभर अंतर ठेवून स्वतंत्र बसवा.

पाटी काढायची भाषा करणाऱ्यांना एवढंच सांगा की शंभर वर्षांवरचा कोरीव लेख पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येतो. हलवायचीच असेल तर आधी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पत्र द्या.

दफ्तरी
नावं बहुतेक मिळतील, पण चिकाटी लागेल. ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांतल्या युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी खुली आहे. आडनावापासून सुरुवात करू नका, अनेक शिपायांचं आडनाव नोंदलेलंच नाही. पहिलं महायुद्ध आणि भारतीय सेना निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं नाव टाका. तिथे बऱ्याचदा "अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, सातारा, मुंबई" अशी ओळ असते. कारकुनानं ऐकून रोमन लिपीत लिहिलेलं, म्हणून गावाची पाच-सहा स्पेलिंगं करून बघा. कराड हे कऱ्हाड म्हणून, पुणे पूना म्हणून, पवार हे पोवार म्हणून. आणि जिल्हा तेव्हाचा धरा. तासगाव, वाळवे, खानापूर तेव्हा साताऱ्यात होते. औंध, फलटण ही संस्थानं होती.

हमखास होणारी चूक शिपाई क्रमांकाची. तो पलटणीपुरता असायचा. एकच क्रमांक दोन पलटणींत दोन माणसांचा असू शकतो, म्हणून क्रमांक, पलटण आणि बापाचं नाव तिन्ही जुळल्याशिवाय नाव पक्कं धरू नका. कमिशन 31 ऑगस्ट 1921 पर्यंतचे मृत्यू धरतं, त्यामुळे युद्ध संपल्यावर आजारानं गेलेलेही सापडतील.

आपल्याकडची बरीच नावं इराकमधल्या बसरा स्मारकाखाली येतात. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथल्याच कूत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, जवळजवळ पाच महिने, शेवटी उपासमार होऊन शरणागती. पुढे तुर्कांच्या कैदेतही खूप माणसं गेली. त्या बसरा स्मारकावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, आपल्या फक्त अधिकाऱ्यांची कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा दिला. तुमच्या पाटीवर तेच झालंय. असा भेदभाव झाल्याचं कमिशननं 2021 च्या अहवालात मान्य केलं.

आणखी एक. "गेलेले पुरुष" म्हणजे सगळे बंदूकवालेच नव्हेत. खेचरवाले, भिस्ती, हमाल, लेबर कोअरवालेही त्यांत धरले असतील. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, ती 1921 मध्ये मोडली. गावात घरोघर विचारायला जाल तेव्हा सगळ्या वस्त्यांवर जा. एकाच भावकीची नावं लागली तर ती पाटी अर्धी खोटी.

कृष्णाकाठ
मजकुराबद्दल. "हुतात्मा" शब्द टाळावा असं माझं ठाम मत आहे. तुमच्याच भागात 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा नेताना इंग्रजी राजवटीच्या गोळीबारात परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे लोक पडले. आपण त्यांना हुतात्मा म्हणतो. त्याच राजवटीच्या पलटणीत मेलेल्यांना तोच शब्द लावला तर दोन्हीकडचा अर्थ पुसला जातो. वडूजवाले मोठे आणि मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेले छोटे असं मला म्हणायचं नाही. ते वेगळ्या कारणांनी गेले. शिपायाला महिना 11 रुपये पगार होता आणि दुष्काळी मुलखात ते पैसे म्हणजे घरची चूल होती. कोणी घराण्याच्या रिवाजानं गेला असेल, कोणी नाइलाजानं. शंभर वर्षांनी त्याच्या तोंडी आपली देशभक्ती घालायचा आपल्याला हक्क नाही.

आणि युद्धकाळात प्रश्न विचारणं म्हणजे शिपायाचा अपमान, हे तर अजिबात मानू नका. 10 जून 1918 ला मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डननी त्यांना थांबवलं आणि टिळक उठून बाहेर पडले. सैन्यभरतीला त्यांचा विरोध नव्हता. आमची माणसं हवीत तर आम्हाला हक्क आणि अधिकारपदं द्या, एवढीच मागणी होती. माणसाची किंमत मोजायला लावणं हाही त्याचा मानच आहे.

उलट पाटी काढा म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाकडे बघावं. तिथले 46 जण त्या युद्धात मेले आणि घरटी सैन्यात जायची रीत आजही चालू आहे. तिथली स्मारकाची शिळा त्यांच्यासाठी साम्राज्याची नाही, घरच्या माणसांची आहे.

मी असं लिहीन: "1914-1919 च्या महायुद्धात या गावातून परमुलखात गेलेली आणि परत न आलेली माणसं." खाली नाव, बापाचं नाव, पलटण किंवा काम, मृत्यूचं ठिकाण, साल. हुद्द्याप्रमाणे नको, सालवार लावा.

माणदेशी
मनापासून आभार. हा मजकूर ग्रामसभेत मांडतो. पाटीचं अनावरण तिरंगा सरकवून करायचं ठरत होतं, ते चालेल का?

दफ्तरी
नाही. ध्वजसंहितेनुसार पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरता येत नाही. ध्वज बाजूला स्वतंत्र काठीवर लावा, पाटीवर साधं पांढरं कापड टाका. बिगुलासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला महिनाभर आधी पत्र द्या. माजी सैनिकांत वाजवणारा सापडतो. दोन मिनिटं शांतता, मग नावं मोठ्यानं वाचा, भाषणं त्यानंतर.

पाथरवट
अक्षरं किमान 3 मिलिमीटर खोल कोरून घ्या, नुसती रंगवलेली दोन पावसाळ्यांत जातात. आणि पाटीच्या तळाला चार ओळींची जागा कोरी ठेवा. जुन्या पाटीवरच्या आकड्याएवढी नावं पहिल्या फेरीत सहसा मिळत नाहीत.