‘हेअरकट’ला मराठीत काय म्हणावं? (क्रेडिट सोसायटीची शब्दसूची)

दांडियाबाजार
बडोद्यातल्या मराठी सभासदांच्या क्रेडिट सोसायटीसाठी साठेक शब्दांची सूची करायची आहे. तारण, नजरगहाण, घसारा, मुदत ठेव हे तयारच आहेत. अडलंय ते ‘हेअरकट’ (कर्जव्यवहारात रकमेत धरलेली कपात) आणि ‘मोरॅटोरियम’ (ठराविक काळापुरती दिलेली स्थगिती) यांपाशी. पहिल्याला कुणी ‘मूल्यन्यूनीकरण’ सुचवलंय. चालेल का? आणि व्याख्या केवढी असावी?

पेढीची भाषा
मूल्यन्यूनीकरण म्हणताना जीभ अडखळते ते राहू द्या, पण त्यात दोन निराळे व्यवहार एकाच पोत्यात भरले जातात. शब्द शोधायच्या आधी दोन्हींचं गणित मांडून बघा.

पहिला: १,००,००० रुपयांचे शेअर तारण ठेवले, २५ टक्के हेअरकट लावला, तर उचल ७५,०००पर्यंत. टक्केवारी बाजारभावावर आणि कर्ज देण्याआधी. याला सहकारी बँकांच्या मराठीत शब्द आहेच, ‘दुरावा’. नवा घडवायची गरजच नाही.

दुसरा: कर्ज बुडालं, सावकाराचं येणं १,००,०००, तडजोडीत हाती आले ४०,०००. इथे हेअरकट ६० टक्के. टक्केवारी येण्यावर आणि व्यवहार फसल्यानंतर. यासाठी ‘येणेसोड’ सुचवतो. ‘हक्कसोड’ दस्तऐवजांमुळे कानावरून गेलेला असतो, त्याच साच्यातला हा. ‘येणेसोडीची रक्कम’, ‘येणेसोड दिली’ असा चालवूनही पाहिला. विभक्ती लावताना जो शब्द अडतो तो लोक तोंडात घेत नाहीत.

‘बट्टेखाती टाकणे’शी, म्हणजे कर्ज बुडीत धरून हिशोबातून काढण्याशी, मात्र गल्लत होऊ देऊ नका. बट्टेखाती टाकलेल्या कर्जाची वसुली चालू राहू शकते. येणेसोडीत तेवढ्या रकमेवरचा हक्कच जातो. व्याख्येत हे वाक्य हवंच.

राजमहाल रोड
दुराव्याला माझी हरकत आहे. बँकेतल्याला तो कळेल, पण नव्या सभासदाला ‘नात्यात दुरावा’ आठवेल. सूचीत नुसता न देता ‘तारणाचा दुरावा’ असा द्या.

मोरॅटोरियमला ‘हप्तेस्थगिती’. ‘हप्तेमाफी’ चुकूनही नको. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२०मध्ये तीन महिन्यांची मुभा दिली, पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. त्या काळातही व्याजाची आकारणी चालूच होती. ‘माफी’ म्हटलं की व्याजही सुटलं असं वाचणारा धरून चालतो, आणि मग खात्याचा उतारा पाहून काउंटरवर वाद. व्याख्येखाली आकडा द्या: मुद्दल ३,००,०००, दर वार्षिक १२ टक्के, तीन महिने हप्ता नाही, तर मासिक चक्रवाढीने बाकी सुमारे ३,०९,०९०.

बँकेवरच निर्बंध येतात त्यालाही मोरॅटोरियमच म्हणतात. त्याची नोंद वेगळी करा, ‘व्यवहारस्थगिती’ म्हणून.

दांडियाबाजार
म्हणजे एका इंग्रजी शब्दाला दोन-दोन नोंदी. याच्या उलटही होतं का?

पेढीची भाषा
होतं की. ‘परतावा’ घ्या. कर जास्त भरला म्हणून परत मिळालेली रक्कमही परतावा आणि गुंतवणुकीवरची कमाईही परतावा. पहिल्याला ‘कर परतावा’, दुसऱ्याला ‘गुंतवणुकीवरचा परतावा’ असं पूर्ण लिहा. आयकराचं रिटर्न भरतो ते तिसरंच, ‘विवरणपत्र’.

व्याख्या दोन वाक्यांची: हा कोणत्या जातीचा व्यवहार, आणि त्याच जातीतल्या शेजाऱ्यापासून वेगळा कशाने. त्याखाली आकड्याचं एक उदाहरण. जो शब्द सांगायचा तोच व्याख्येत आला तर ती रद्द समजा. ‘स्थगिती म्हणजे हप्ते स्थगित करणे’ यातून कुणाला काय कळणार?

राजमहाल रोड
बडोद्यात एक काळजी जास्तीची. सभासद दिवसभर गुजराती वाचतात. गुजरातीत ‘खोट’ म्हणजे तोटा, आपल्याकडे आज मुख्यतः दोष. ‘हिशोबात खोट आहे’ हे एकाला नुकसान वाटेल, दुसऱ्याला लबाडी. सूचीत ‘तोटा’च ठेवा. शेजारी गुजराती शब्दाचा रकाना दिलात तर उत्तम. ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश १९३१मध्ये इथेच निघाला, त्यातही मराठी-गुजराती पर्याय शेजारी-शेजारीच आहेत.

छापण्याआधी पाच सभासदांना नुसती व्याख्या देऊन आकडे बदललेलं गणित सोडवायला सांगा. दोघे चुकले तर आधी व्याख्या तपासा, शब्द नंतर.

दांडियाबाजार
‘तारणाचा दुरावा’, ‘येणेसोड’, ‘हप्तेस्थगिती’, ‘व्यवहारस्थगिती’ घेतले. गुजराती रकानाही टाकतो. ‘डेरिव्हेटिव्ह’चं (शेअर, सोनं अशा दुसऱ्या कशाच्या तरी भावावर ज्याची किंमत ठरते त्या कराराचं) काय?

पेढीची भाषा
तो डेरिव्हेटिव्हच राहू द्या. व्याख्या मात्र मराठीत.