14 महिन्यांचा मुलगा, हिमोग्लोबिन 8.4, मेंदूवर परिणाम होतो का?

पिल्लूची_आई:
लस द्यायला गेलो होतो तर डॉक्टरांनी पिल्लूची पापणी खाली ओढून बघितली आणि लगेच रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन 8.4 आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) 6 आलंय. लोहाचे थेंब सुरू केलेत, ते ठीक आहे. पण मला दुसरंच खातंय. हा मुलगा कधीच फार उचापती करत नाही, नवीन खेळणं समोर ठेवलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग माझं बोट घट्ट धरून बसून राहतो, आणि आम्ही सगळे म्हणायचो किती शहाणं बाळ आहे, अजिबात त्रास देत नाही! आता नेटवर वाचलं की लोह कमी असलं की मुलं अशीच होतात. खरंय का? आणि झालेलं नुकसान भरून येतं का?

दोन_कार्टी:
ताई आधी एक सांगा, दूध किती पितो? माझी धाकटी दिवसाला लिटरभर प्यायची आणि आम्ही खूश. मग कळलं की गाईच्या दुधात लोह जवळपास नसतंच, वर त्यातलं कॅल्शियम बाकीच्या जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही, आणि पोट दुधानेच भरलं की जेवायचं कशाला. आम्ही अर्ध्या लिटरच्या आत आणलं, चार दिवस घर डोक्यावर घेतलं तिने. थेंब दुधासोबत देऊ नका हां, मधल्या वेळेत द्या. शी काळी होते, मी रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला होता त्यावरून :) दात काळे दिसायला लागले तर घाबरू नका, तो वरचा डाग असतो.

उगाच_काळजी:
माझ्या मुलाचं पण 9 होतं, आज वर्गात पहिला येतो. आजकाल नेट वाचून लोक उगाच टेन्शन घेतात.

सूक्ष्मदर्शक:
दादा, तुमच्या मुलाचं छान झालं, पण एका मुलावरून नियम नाही ना काढता येत. मी लॅबमध्ये आहे, रोज हे रिपोर्ट बघतो. लोकांना वाटतं हिमोग्लोबिन कमी झालं म्हणजे आत्ता कुठे सुरुवात आहे, खरं तर उलटं आहे. लोह कमी पडायला लागलं की शरीर उरलंसुरलं आधी तांबड्या पेशींना देतं, त्यामुळे मेंदूचा वाटा हिमोग्लोबिन पडायच्या आधीच कमी झालेला असू शकतो. फेरिटिन म्हणजे साठा, तो आधी संपतो (ताप-इन्फेक्शन असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, पण 6 म्हटल्यावर शंकाच नाही). पोटात असताना जमा झालेला साठा साधारण सहा महिने पुरतो, लवकर जन्मलेल्या बाळांचा त्याच्याही आधी संपतो. आणि नेमकं याच काळात मेंदूत नसांवर मायलिनचं आवरण चढत असतं, डोपामिन (मेंदूत निरोप पोचवणारं रसायन) बनत असतं, दोन्हीला लोह लागतं. म्हणून ते बिलगणं, बुजणं, लवकर दमणं. अर्थात काही मुलं स्वभावानेच शांत असतात, ते फरक पडल्यावरच कळेल.

भरून येतं का, याचं सरळ उत्तर नाहीये. कोस्टा रिकात ज्या बाळांना असा ॲनिमिया होता ती पाच वर्षांची झाल्यावर, रक्त एकदम ठीक असूनही, चाचण्यांमध्ये मागे होती, हे 1991 साली छापून आलं. पुढे तीच मुलं 19 वर्षांची होईपर्यंत पाहिली, गरीब घरातल्यांमध्ये अंतर वाढत गेलं होतं. पण इंडोनेशियात 1993 मध्ये 12 ते 18 महिन्यांच्या मुलांना चार महिने लोह दिलं तेव्हा मागे पडलेली मुलं बाकीच्यांच्या बरोबरीला आली. तुमचा मुलगा नेमका त्याच वयाचा आहे.

पिल्लूची_आई:
वाचून रडूच आलं, पण बरंही वाटलं. दूध पाऊण लिटर होतं, आजपासून कमी. आणि "शहाणं बाळ" म्हणणं बंद. हिमोग्लोबिन 11 झालं की थेंब थांबवायचे ना?

सूक्ष्मदर्शक:
नाही नाही, इथेच बरेच जण चुकतात. महिन्याभरात साधारण 1 ग्रॅमने वाढायला हवं, नाही वाढलं तर डॉक्टर थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष) वगैरे बघतील. नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला अजून दोन-तीन महिने द्यावं लागतं, डॉक्टर सांगतील तोपर्यंत. डोस वजनावर ठरतो, मनाने वाढवू नका. बाटली उंच कपाटात ठेवा, लोह जास्त गेलं तर लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं.

दोन_कार्टी:
आणि ताई, थेंब चालू असताना खेळा त्याच्याशी, बडबड करा, जमिनीवर सोडा. आमची दीड महिन्यात कपाटं उघडायला लागली. आता तुम्ही सांगाल ना इथे, पहिलं काय फोडलं ते?